प्रवासाचा कोशेर डबा : ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

आम्ही ज्यू आहारनियमांप्रमाणे, म्हणजेच कोशेर, डबे करून देतो. सहलीचा हंगाम लागला की पहिला फोन मटणासाठीच येतो. "आठ माणसांचं मटण आणि पोळ्या द्या, गाडीत खाऊ." आम्ही देतो. पण आधी एक विचारतो : वाटेत चहा घेणार आहात का?

आपल्या नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मटण खाल्ल्यावर बहुतेक घरं दुधासाठी सहा तास थांबतात, काही तीन. घरी हे सहज जमतं. गाडीत नाही, कारण आपला प्रवास म्हणजे दर दोन तासांनी टपरीपाशी थांबणं. एका जानेवारीत ठाण्याचं एक कुटुंब महाबळेश्वरला निघालं. अकरा वाजता वाईच्या अलीकडे झाडाखाली सतरंजी टाकून आमचा मटणाचा डबा संपवला. दोन वाजता वर पोचले, तर पोरांच्या डोळ्यांसमोर स्ट्रॉबेरी-क्रीमचे उंच ग्लास! सहा तास भरणार पाच वाजता. परत आल्यावर आजींनी आम्हालाच सुनावलं, "आधी सांगता आलं नाही तुम्हांला?" त्यांचं बरोबर होतं. हे पत्रक त्या फोनमुळे निघालं.

म्हणून आमचं म्हणणं असं की जाताना पारवे डबा घ्या, म्हणजे ना मांस ना दूध : मासे, अंडी, कडधान्यं, भाज्या, भात. यानंतर चहा प्या, कुल्फी खा, कुणी घड्याळ बघायला नको. मटण रात्रीच्या मुक्कामासाठी ठेवा, पण सोबत बर्फाची पेटी असेल तरच. पारवे डबा स्वस्त पडतो आणि आमचा गल्ला थोडा हलका होतो, ते आम्ही सोसू.

पारवे डब्यात काय असतं

रव्यात तळलेली सुरमई किंवा रावस. मासळी आम्ही अख्खी आणतो आणि आमच्याच सुरीनं कापतो. मासा कोशेर ठरायला पर आणि खवले दोन्ही हवेत. सुरमईचे खवले इतके बारीक की दिसतच नाहीत म्हणून लोक शंका घेतात. तुकड्यावर साल ठेवतो ते त्यासाठीच. कोळंबी, तिसऱ्या, माकूल, मुशी मागू नका.

नारळाच्या रसातली आमटी मात्र उन्हाळ्यात आम्ही देत नाही. आपल्या स्वयंपाकाचा जीव नारळाच्या दुधात आहे हे खरं, त्याच्यामुळेच दुधाशिवाय आपलं मटण इतकं छान लागतं. पण बंद गाडीत ते दुपारपर्यंत आंबतं. एकदा झाकण उघडल्यावर आलेला वास आम्ही स्वतः घेतला आहे. त्याऐवजी चिंचेचा कोळ घालून सुकं देतो. घरून नेत असाल तर सगळं पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा.

पोळ्यांचा मुद्दा जरा बारीक आहे. प्रवासाला दशम्या करायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी आहे, कारण दुधात भिजवलेली कणीक टिकते. आपल्याला तिथेच अडचण : दुधाची भाकरी चुकून मटणाबरोबर खाल्ली जाईल म्हणून नियम कडक आहे. आमच्या दशम्या गुळाच्या पाण्यात भिजवतो आणि तूप न लावता तेल लावतो. घरून पोळ्या नेणार असाल तर आईला, सासूबाईंना आठवण करा. हात सवयीनं तुपाच्या भांड्याकडे जातो.

झाकणं आणि ठिपके

लाल झाकण मटण, निळं दूध, पिवळं पारवे. पूर्वी पारवेला हिरवं होतं. पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्याशी लोक घोळ घालायला लागले, म्हणून बदललं. तो ठिपका मांस-अंडं नाही एवढंच सांगतो. आत दूध असू शकतं आणि कुठल्या भांड्यात शिजलं ते कळत नाही. बिस्किटं, चॉकलेटं घेताना कोशेरची खूण बघा. 'ओयू' ही त्यातलीच एक खूण; तिच्या शेजारी 'डी' असेल तर दुधाचं. आणि 'पी' म्हणजे पारवे नव्हे, पेसाहच्या सणाला चालणारं. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

सोबत एक लहान सुरी आणि स्वतःचे चमचे ठेवा. हॉटेलच्या सुरीनं कांदा कापून घेतला तर पंचाईत होते, कारण तिखट पदार्थ सुरीतली चव ओढून घेतो.

हॉटेलात गरम करायचं तर

दुसऱ्याच्या ओव्हनमध्ये डबा ठेवायचा तर त्याला फॉइलचे दोन थर हवेत. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल अजिबात नको, तिथे त्यासाठीच्या दोन पिशव्या, एकात एक. मटणाचा डबा कुरिअरनं किंवा ड्रायव्हरच्या हातून पाठवायला सांगितलात तर त्यावर आमची दोन सीलं असतील. एकही फुटलेलं दिसलं तर खाऊ नका, आम्हाला फोन करा.

विमानानं

कोशेर जेवण तिकीट काढतानाच मागा. त्याचं सांकेतिक नाव केएसएमएल. सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. परदेशी जाताना हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर रस्सा, लोणचं, पातळ चटणी जाऊ देत नाहीत. सुकं खोबरं चेक-इन सामानात भरू नका, त्याला बंदी आहे. परदेशात मटण, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं उतरवण्याआधी त्या देशाचे नियम पाहा.

अलिबागला जाणाऱ्यांसाठी

खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टापाला, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या पवित्र ठिकाणी, जात असाल (अलिबागजवळचं खंडाळं, घाटातलं नव्हे), तर मलिद्याचं, म्हणजे नवसाच्या ताटाचं, सामान वेगळं बांधून देतो. पोहे कोरडे, नारळ अख्खा, साखर, सुका मेवा, फळं धुऊन पुसून. पोहे तिथे पोचल्यावरच भिजवा. ठाण्याहून भिजवून नेले तर लगदा होतो, आणि नवसाच्या ताटात लगदा बरा दिसत नाही.

शुक्रवारी निघत असाल तर सूर्यास्ताच्या आधी मुक्कामी पोचाल असं बघा, कारण तेव्हा शब्बाथ, म्हणजे आपला विसाव्याचा दिवस, लागतो. शब्बाथच्या डब्यात गार खाता येतील असेच पदार्थ आणि किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या प्रार्थनेसाठी, काळ्या मनुकांच्या शरबताची बाटली असते. ती आडवी ठेवू नका, बूच सैल असतं.

ऑर्डर दोन दिवस आधी द्या, शुक्रवारच्या डब्यासाठी बुधवारी सकाळपर्यंत. पेसाहच्या आठवड्यात पोळ्या-दशम्या मिळणार नाहीत. शनिवारी आम्ही बंद; कोकणात आपल्या बेने इस्राएल लोकांना, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून, शनवार तेली म्हणत ते उगाच नाही. डबे परत करताना धुऊन आणायची गरज नाही, पण लाल झाकण निळ्या डब्यावर लावून पाठवू नका.