चौदातले तीन : फ्लशिंगचा रिझल्ट वाचायचा कसा

चिकोडीच्या अलीकडं आमच्या मामांचा मळा आहे, तिथं परवा संध्याकाळी धारा काढून झाल्यावर मामांनी मोबाईल पुढं केला. त्यांचा पोरगा ऑस्ट्रेलियात गुरांच्या फार्मवर कामाला आहे, तिथल्या एका अँगस गायीच्या फ्लशिंगचा, म्हणजे गर्भपिशवी धुऊन गर्भ बाहेर काढण्याचा, रिझल्ट त्यानं व्हॉट्सॲपवर टाकला होता. एकूण अंडी-गर्भ १४, चांगले गर्भ ३, कोरी (फळ न धरलेली) अंडी ९, मेलेले गर्भ २. मामा म्हणाले, "तीन वासरं एका दमात मिळत्यात, खरं पोरगं म्हणतंय गाय फेल गेली. असं कसं रं?"

प्रश्न बरोबर आहे. अँगस ही मांसासाठी पाळलेली जात, तिकडं एखादी गाय वंशानं फार चांगली निघाली की तिच्याकडनं वर्षाला एकच वासरू मिळून भागत नाही, म्हणून तिचे गर्भ काढून साध्या गायींच्या गर्भपिशवीत वाढवतात.

आता आपल्याला वाटतं गाय २१ दिवसांनी माजावर येते आणि एक अंडं सोडते, झालं. पण आत तसं नसतं, त्या २१ दिवसांत अंडाशयावर बारीक बारीक फोडांच्या दोन-तीन लाटा उठतात, प्रत्येक फोडात एक अंडं, आणि प्रत्येक लाटेत एकच फोड पुढं निघून जातो आणि त्याच्यामुळं रक्तातलं एफएसएच नावाचं हार्मोन कमी होतं आणि बाकीचे उपाशी राहून वाळतात. फ्लशिंगची सगळी युक्ती इथं आहे. नवी लाट उठते त्याच वेळी बाहेरून एफएसएच द्यायचं, म्हणजे जे वाळणार होते तेही वाढतात. हे औषध गायीच्या अंगात काही तासच टिकतं म्हणून सकाळ-संध्याकाळ ४ दिवस सुया, डोस रोज थोडा कमी करत. मग माजावर आणायला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन, आणि माज सुरू झाल्यावर साधारण १२ आणि २४ तासांनी असं दोनदा भरवायचं, म्हणजे वळूचं वीर्य आत सोडायचं.

भरवल्यावर सातव्या दिवशी गर्भ पिशवीत पोचलेले असतात पण अजून चिकटलेले नसतात. शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देऊन, माणसाला लघवीसाठी लावतात तसली फुग्याची नळी आत घालायची, पाणी सोडायचं, परत घ्यायचं, बारीक जाळीतून गाळायचं आणि मायक्रोस्कोपखाली शोधत बसायचं. एक गर्भ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान असतो.

हा कारभार किती बेभरवशाचा आहे बघा. अमेरिकेत १९८६ मध्ये मांसाच्या गायींच्या २०४८ फ्लशिंगचा हिशोब मांडला गेला, सरासरी ११.५ अंडी-गर्भ मिळाले, त्यातले ६.२ वापरण्यासारखे. पण २४ टक्के वेळा एकही चांगला गर्भ नाही, आणि ३० टक्के फ्लशिंगमधून ७० टक्के गर्भ आले. म्हणजे सरासरीवर विसंबून गायीला नावं ठेवणं मला अजिबात पटत नाही.

मी मामांना सांगितलं, तीनच्या आकड्याकडं बघू नका, नऊकडं बघा. गायीनं चौदा दिली, तिनं तिचं काम केलं! नऊ कोरी राहिली म्हणजे वीर्य आणि अंडं यांची गाठच पडली नाही. स्ट्रॉ (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) नीट नसेल, वितळवताना चूक झाली असेल, वेळ चुकली असेल, कारण एवढी अंडी एकदम सुटत नाहीत, कित्येक तास लागतात. मेलेल्यांची संख्या जास्त असती तर मी ऊन, खुराक आणि गायीची तब्येत विचारली असती, भरवल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत कोवळ्या गर्भाला उष्णता फार बाधते. आणि काहीच निघालं नसतं तर आधी अंडाशयावर पिवळ्या गाठी किती ते बघायचं, कारण जिथून अंडं सुटतं तिथं गाठ उरते. गाठी बारा आणि हातात दोन, तर दोष गायीचा नाही, धुण्यात राहिलंय. गाठीच नाहीत तर औषधच लागू पडलेलं नाही.

हे सगळं ऐकताना मला राहून राहून कृष्णा व्हॅली गाय आठवत होती. आपल्या कृष्णाकाठचीच जात, गिर, ओंगोल, कांकरेज आणि इथल्या गायी यांच्या मिश्रणातून झालेली, आणि आता चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतसुद्धा शोधावी लागते. त्याच ओंगोलचा वंश ब्राझीलमध्ये नेलोर म्हणून वाढलाय, तिथं गर्भ तयार करण्याचं काम प्रचंड चालतं. आपल्या वशिंडवाल्या गायींच्या एका लाटेत फोड जास्त असतात आणि एफएसएच कमी पुरतं. हीच युक्ती वापरली तर इथल्या एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गायीच्या पिशवीत कृष्णा व्हॅलीचं वासरू वाढू शकतं, आणि जन्मल्यावर ते शंभर टक्के कृष्णा व्हॅलीच असतं, पोटात ठेवणाऱ्या गायीचा वंश त्यात येत नाही. मामांना हे दोनदा सांगावं लागलं.

मग मामांनी पोराला व्हॉइस मेसेज टाकला, त्याच वळूच्या स्ट्रॉ अजून कुठल्या गायीला भरल्या होत्या का ते बघ म्हणून. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं : अजून दोन गायींना भरल्या होत्या, आणि तिथंही निम्म्याहून जास्त अंडी कोरीच निघाली होती.