गाडी बंद पडली की इंजिन गेलं?

गाडी नव्वदच्या वेगात आहे, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि काहीच होत नाही. पिकअप गेलेला, स्टिअरिंग जड, समोर लाल-पिवळ्या दिव्यांची रांग. कशीबशी गाडी कडेला घेऊन फोन लावला की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "इंजिन गेलं." गाडी जितकी महाग, तितक्या लवकर हे वाक्य बाहेर पडतं, कारण मनात पहिला विचार खर्चाचा येतो. पण अनेकदा इंजिन गेलेलं नसतं. ते फक्त बंद पडलेलं असतं. या दोन प्रसंगांत पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते अगदी उलट असतं, म्हणून हा फरक प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायलाच हवा असं मला वाटतं.

बंद पडलेल्या इंजिनाचं आतलं लोखंड धडधाकट असतं. त्याला चालायला लागणाऱ्या गोष्टींपैकी एखादी अचानक मिळेनाशी होते: हवा, पेट्रोल, ठिणगी, किंवा ती ठिणगी नेमकी कधी टाकायची हे सांगणारा सेन्सरचा सिग्नल. निकामी झालेल्या इंजिनात आतलंच काही मोडलेलं, घासलेलं किंवा चिकटलेलं असतं. बेअरिंग जळते, पिस्टनला क्रँकशाफ्टशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटतो, किंवा व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या हालचालींची वेळ जुळवणारी टायमिंग चेन उडी मारते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पहिल्या प्रकारात सुटा भाग बदलला की काम होतं. दुसऱ्यात इंजिन उतरवावं लागतं, आणि बऱ्याचदा नवंच बसवावं लागतं.

बंद पडण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे २०२० सालचं डेन्सो कंपनीच्या फ्युएल पंपांचं प्रकरण. टोयोटाने त्या वर्षी जगभरातल्या पन्नास लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, आणि त्यांत लेक्ससच्या एलएस, आरएक्स, आयएस अशा गाड्याही होत्या. दोष होता टाकीतल्या पंपाच्या आत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या चकतीत, म्हणजे इम्पेलरमध्ये. काही पंपांत ही चकती कमी घनतेची निघाली होती. तिच्या पृष्ठभागाला बारीक तडे जायचे, ती हळूहळू पेट्रोल शोषून फुगायची आणि पंपाच्या घराला घासायला लागायची. आधी इंजिन मिसिंग करायचं, मग एखाद्या दिवशी पंप अडकायचा आणि गाडी चालता चालता थांबायची. बोनेटखालचं व्ही६ किंवा व्ही८ इंजिन मात्र पूर्ण निरोगी, फक्त उपाशी.

बीएमडब्ल्यूचं २०१० चं प्रकरण याच जातीचं. एन५४ हे दोन टर्बोंचं सहा सिलिंडरचं इंजिन ३३५आय, १३५आय, ५३५आय अशा गाड्यांत होतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं म्हणून त्याच्या हाय प्रेशर पंपाला २०० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट, दाब तयार करावा लागतो. हा पंप दगा देऊ लागला की सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागायचा, मग गाडी मध्येच ताकद कमी करून रखडत चालायची, आणि काही गाड्या बंदही पडायच्या. अमेरिकेत २००७ ते २०१० च्या सुमारे १ लाख ३० हजार गाड्या या पंपासाठी परत बोलावल्या गेल्या. इंजिनाच्या आत कुठेही हात लावावा लागला नाही.

सेन्सरमुळे बंद पडणाऱ्या गाड्या तर मालकाला वेड लावतात. मर्सिडीजच्या एम११२ आणि एम११३ इंजिनांवर काम केलेल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा: गाडी तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने गार झाली की काही झालंच नाही अशी सुरू होते. यात पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर घ्यायचा. तो तापल्यावर सिग्नल देईनासा होतो, क्रँक कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळत नाही आणि तो ठिणगी व इंधन दोन्ही तोडतो. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत, गाडी अजून घरंगळत असतानाच, आरपीएमचा काटा झटकन शून्यावर पडतो. हा काटा पाहिल्याचं आठवत असेल तर ते मेकॅनिकला जरूर सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

आता दुसरी बाजू पाहू.

पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये आणि ९९६ पिढीच्या ९११ मध्ये क्रँकपासून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत गती नेणारा एक मधला शाफ्ट होता, आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. त्यातलं ग्रीस काळाने धुऊन जायचं. बेअरिंग मोडली की शाफ्ट डळमळायचा, टायमिंग बिघडायचं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायचे. मालकाच्या दृष्टीने प्रसंग काय? गाडी बंद पडली, एवढाच. पण हे इंजिन पुन्हा सुरू करण्याजोगं नसायचं. हा वाद अमेरिकेत कोर्टात गेला आणि २०१३ मध्ये २००१ ते २००५ या काळातल्या गाड्यांसाठी तडजोड झाली. त्याच ९९६ पिढीतल्या टर्बो आणि जीटी३ ची इंजिनं वेगळ्या रचनेची होती, त्यांना हा त्रास नव्हता. म्हणून "अमुक कंपनीची इंजिनं खराब" अशी सरसकट विधानं मला पटत नाहीत. इंजिनाचा क्रमांक आणि वर्ष विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो.

पोर्शेचंच २०१४ चं उदाहरण आणखी टोकाचं आहे. नव्या ९११ जीटी३ च्या दोन गाड्यांनी पेट घेतला. कनेक्टिंग रॉडचा स्क्रू सैल होऊन रॉडने क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचं कवच, फोडली होती आणि बाहेर आलेल्या ऑइलने पेट घेतला होता. कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली.

अलीकडची दोन प्रकरणं मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण त्यांत हे दोन बिघाड एकमेकांत मिसळतात. २०२४ मध्ये टोयोटाने टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून अमेरिकेत लाखभर गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात इंजिनाचं यंत्रकाम झाल्यावर धातूचा बारीक कीस आतच राहिला होता, आणि तो क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगमध्ये जाण्याची शक्यता होती. लक्षणं अशी: इंजिनात ठकठक, अडखळत चालणं, सुरूच न होणं, किंवा चालता चालता बंद पडणं. यातलं शेवटचं लक्षण फ्युएल पंपाच्या बिघाडासारखंच आहे. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही८ च्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या परत बोलावल्या, ज्यांत कॅडिलॅक एस्कलेडही आहे. तिथे कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टमध्ये निर्मितीतले दोष होते. तपासणीत जी इंजिनं ठीक ठरली त्यांना ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड, ०डब्ल्यू-४० ऑइल द्यायचं ठरलं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये केसाहून पातळ ऑइलचा थर असतो. इंजिनाचं सगळं आयुष्य त्या थरावर तरंगत असतं, आणि जाड ऑइल तो थर थोडा अधिक टिकवतं.

मग रस्त्याच्या कडेला उभं राहून ओळखायचं कसं? इथे एक चूक जवळपास सगळे करतात. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पाहून "ऑइल प्रेशर गेलं, इंजिन खलास" असं ठरवून टाकतात. पण इंजिन कोणत्याही कारणाने थांबलं आणि इग्निशन चालू असलं, तर ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागणारच, कारण ऑइल पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनावरच फिरतात. त्यामुळे गाडी थांबल्यानंतरच्या लाल दिव्यावरून काहीच कळत नाही. तो इंजिन थांबण्याआधी लागला होता का, हे महत्त्वाचं. आवाजाचंही तसंच. आधी ठकठक किंवा खरखर, मग धक्का, मग बंद, असा क्रम असेल तर आतलं काही मोडल्याची शंका घ्या. आवाज न करता इंजिन गप्प झालं आणि मग दिवे लागले, तर ते बहुधा उपाशी आहे किंवा त्याला सिग्नल मिळत नाही.

लाल दिवा आधी लागला असेल, धातूचा आवाज आला असेल, तापमानाचा काटा वर गेला असेल किंवा गाडी पाण्यातून जाताना थांबली असेल, तर सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. यातलं पाण्याचं प्रकरण सगळ्यात जास्त हळहळ लावणारं, कारण तिथे साध्या बंद पडण्याचं निकामी होण्यात रूपांतर बऱ्याचदा आपणच करतो. एअर फिल्टरमार्गे सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि इंजिन लगेच थांबलं, तर नशीब बरं असल्यास आत काही वाकलेलं नसतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पुन्हा सेल्फ मारला आणि चुकून इंजिनाने पकड घेतली की वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन करून गॅरेजला नेलं असतं, स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढलं असतं, तर तेच इंजिन कदाचित वाचलं असतं.

यातलं काहीच नसेल, गाडी सुरक्षित जागी असेल, तर काही मिनिटं थांबून एकदा सेल्फ मारून बघायला हरकत नाही. त्या वेळी कान उघडे ठेवा. नेहमीसारखा लयीत फिरतोय पण सुरू होत नाही, म्हणजे इंधन किंवा ठिणगीचा प्रश्न. नेहमीपेक्षा हलका आणि भराभर फिरतोय, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) गेलं असावं, टायमिंग तुटलं असावं. लगेच थांबा. नुसता टक् असा आवाज येऊन काहीच हललं नाही, तर इंजिन जाम असू शकतं, पण उतरलेली बॅटरीही असाच आवाज करते. सेल्फ मारताना आतले दिवे मंदावत असतील तर आधी बॅटरी तपासा.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. इंजिन निकामी होणं खिशाला भारी, पण बंद पडणं जिवाला भारी पडू शकतं, आणि "फक्त बंद पडली होती, परत सुरू झाली" म्हणून ते सोडून देणं धोक्याचं आहे. जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचचं प्रकरण २०१४ मध्ये उघड्यावर आलं. शेव्हरले कोबाल्टसारख्या छोट्या गाड्यांत किल्ली धक्क्याने 'रन'वरून सरकायची, इंजिन बंद व्हायचं, स्टिअरिंगची मदत जायची आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी मान्य केला. किल्ली नकळत फिरण्याच्या अशाच दोषासाठी त्याच वर्षी कॅडिलॅक सीटीएसही परत बोलावण्यात आली. या गाड्यांच्या इंजिनांत काहीही बिघडलेलं नव्हतं. इंजिन थांबल्यावर व्हॅक्यूम बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवून देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते, म्हणून ब्रेक पंपासारखा मारत बसू नका. एकाच दाबात, सलग, पक्का दाबा. हझार्ड दिवे लावा, गिअर न्यूट्रलला टाका, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

आलिशान गाड्यांत हा गोंधळ जास्त होतो, आणि तो मालकाच्या अज्ञानामुळेच होतो असं नाही. केबिन इतकी शांत केलेली असते की बेअरिंगची सुरुवातीची ठकठक आत पोहोचतच नाही. बऱ्याच जर्मन मॉडेलांतून ऑइलची डिपस्टिक काढून टाकलेली आहे, त्यामुळे स्वतः पुसून, रंग आणि पातळी बघायची सोय राहिलेली नाही. आणि स्क्रीनवर "ड्राइव्हट्रेनमध्ये बिघाड" असा एकच संदेश येतो, मग कारण एक साधी इग्निशन कॉइल असो की ताणली गेलेली टायमिंग चेन. काही युरोपीय गाड्यांना ३० हजार किलोमीटरपर्यंत ऑइल न बदलण्याची मुभा दिलेली असते. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल त्याने ती मुभा अजिबात वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅरेजमध्ये गेल्यावर "इंजिन बदलावं लागेल" हे वाक्य ऐकलं की घाबरून सही करू नका. आधी स्वस्त तपासण्या करून घ्या. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरतं का? फिरलं तर ते जाम नाही. मग कॉम्प्रेशन, मग प्लगच्या भोकातून कॅमेरा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी००८७ म्हणजे इंधनाचा दाब कमी, पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. पहिले दोन बंद पडण्याच्या बाजूचे, तिसरा मात्र टायमिंग चेनकडे बोट दाखवू शकतो.

आणि ऑइल फिल्टर कापून बघायला सांगा. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या की सगळं दिसतं. तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली आणि तिला लोहचुंबक लागत नसेल, तर ती बेअरिंगची धातू असण्याची शक्यता मोठी. चुंबकाला चिकटणारे कण असतील तर चेन, गिअर किंवा शाफ्टचं पोलाद झिजतंय. घड्या स्वच्छ असतील, तर इंजिन गेलं म्हणणाऱ्याला आणखी पुरावा मागायचा हक्क तुम्हाला आहे.

दुरुस्तीआधी एक गोष्ट जॉब कार्डवर लिहून घ्या: कोड पुसण्यापूर्वी त्यांची आणि फ्रीझ फ्रेमची प्रत मला हवी. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, तापमान किती, हे सगळं त्यात असतं. एकदा स्कॅनरने कोड पुसले की ही माहितीही जाते, आणि वॉरंटीसाठी भांडायची वेळ आली तर हातात फक्त "गाडी बंद पडली" एवढं एकच वाक्य उरतं.