१९७९ची डेटोना ५०० पहिली नव्हे

नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘टीव्हीवर अख्खी थेट दिसलेली पहिली शर्यत म्हणजे १९७९ची डेटोना ५००.’ हे चूक आहे. एबीसी वाहिनीने १० एप्रिल १९७१ रोजीच दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल-पिकन्स ट्रॅकवरची शर्यत पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली होती. अर्ध्या मैलाचा ट्रॅक, २०० फेऱ्या, म्हणजे जेमतेम १०० मैल. दीड तासाच्या आत खेळ खलास. बॉबी आयझॅक जिंकला.

डेटोनाचा मान वेगळा: ५०० मैलांची नॅसकार शर्यत सलग थेट दाखवण्याचा अमेरिकेतला तो पहिला प्रयोग, सीबीएस वाहिनीचा. त्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, पूर्व किनाऱ्यावर बर्फाचं वादळ, माणसं घरात अडकलेली. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे, केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन, एकमेकांवर आदळून भिंतीला भिडले. मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला, आणि तिकडे गवतावर यारबरो नि ॲलिसन बंधूंची हाणामारी! आता हे पाहिल्यावर ग्रीनव्हिल कोणाच्या लक्षात राहणार?

इंडियानापोलिस ५०० ही ५०० मैलांची दुसरी नामांकित मोटार शर्यत मात्र अमेरिकाभर टीव्हीवर पूर्ण थेट दिसायला १९८६ उजाडलं.