खांबाचे घर आणि भिंतीचे घर

पन्हाळा, राधानगरी किंवा गगनबावड्याच्या बाजूला शेतघर बांधू पाहणारी मंडळी अलीकडे माझ्याकडे येतात, तेव्हा मोबाइलवर बहुतेक वेळा दोन चित्रे एकापाठोपाठ दाखवतात. पहिले चित्र एखाद्या जुन्या वाड्याच्या सोप्याचे असते, ज्यात दगडी तळखड्यांवर सागवानी खांब ओळीने उभे असतात. दुसरे चित्र अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या घराचे असते आणि त्यातला दिवाणखाना दोन मजले उंच, एका बाजूला छतापर्यंत खिडक्या असलेला असतो. 'असंच लाकडी घर हवं,' असे दोन्ही चित्रांकडे बोट दाखवून सांगितले जाते. दोन्ही घरांत लाकूड आहे एवढ्यावरून ती एकाच जातीची मानली जातात आणि आपल्याकडचे अनुभवी सुतारही वाड्याच्या कामाचे आडाखे दुसऱ्या घराला लावतात. उंच भिंतीच्या बाबतीत हे आडाखे कसे फसतात, हे मी पन्हाळ्याच्या उतारावरच्या एका घरात पाहिले आहे, आणि म्हणूनच हा फरक नीट मांडावासा वाटतो.

वाड्याचे घर खांबांवर उभे असते. छपराचे ओझे वाशांवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर, खांबावरून तळखड्यावर आणि तिथून जोत्यात उतरते. मजल्याचे ओझेही कडीपाटातून, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांतून, याच वाटेने खाली जाते. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि 'पाच खणी', 'सात खणी' असे घराचे मापही त्यावरूनच सांगितले जाते, यातच या बांधणीचे सार आले. खांबांमधली विटांची किंवा पांढऱ्या मातीची भिंत ही मुख्यतः आडोसा असते. बाहेरची जाड भिंत थोडेफार ओझे पेलते, आपल्या वजनाने घराला वाऱ्यापुढे स्थिर ठेवते आणि सांगाड्याला कलू देत नाही, हे खरे. तरीही घराचा प्राण खांब-तुळईच्या जोडणीत, म्हणजे एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खोबणीत घट्ट बसवून वर खुंटी ठोकण्यात असतो.

२०१९ च्या पुरानंतर पंचगंगेच्या बाजूच्या एका जुन्या घरात मी गेलो होतो. तीन-चार दिवस पाण्यात राहून खालच्या मजल्याची मातीची भिंत विरघळून रस्त्यावर पसरली होती, आणि गल्लीतून थेट मागचा परसदार दिसत होता. मात्र वरचा मजला जागेवर होता. माळ्यावरची भांड्यांची उतरंडसुद्धा हलली नव्हती, कारण तिचे ओझे त्या भिंतीवर कधी नव्हतेच. घरमालकांनी पुढे दोन महिन्यांत त्याच खांबांच्या मधे नव्या विटांची भिंत उचलली आणि घर पुन्हा वापरात आणले.

दुसऱ्या चित्रातले घर याच्या नेमके उलट असते. तिथे खांब नसतात. भिंत हाच सांगाडा असतो. दीड इंच जाडीच्या आणि साडेतीन किंवा साडेपाच इंच खोलीच्या उभ्या लाकडी पट्ट्या, ज्यांना स्टड म्हणतात, दर सोळा किंवा चोवीस इंचांवर उभ्या करतात. त्यांच्या पायाशी एक आडवी पट्टी आणि डोक्यावर सहसा दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी जोडतात, आणि बाहेरून प्लायवूडचे तक्ते ठोकतात. एकेकटा स्टड किरकोळ असतो. ओझे अशा पन्नास-शंभर पट्ट्यांत वाटले जाते आणि प्रत्येक पट्टीचा वाटा लहान होतो. बाहेरचे प्लायवूड सजावटीचे आहे असे समजून पैसे वाचवण्यासाठी ते गाळण्याची सूचना मला अनेकदा ऐकावी लागते, म्हणून एक सोपा प्रयोग सांगतो. काडेपेटीतला काड्यांचा खण काढून घ्या आणि बाहेरचे रिकामे कवच बोटाने एका कोपऱ्यावर दाबा. ते क्षणात तिरके होऊन चपटे होते. आतला खण परत सारला की तेच कवच दाबले तरी हलत नाही. स्टडच्या चौकटीत प्लायवूड आणि त्याचे ठरावीक अंतरावरचे खिळे तेच काम करतात. वाड्यात हे काम जड भिंत आणि जाड जोड करतात, इथे ते पातळ तक्ता करतो. म्हणून वाड्यातली मधली भिंत पाडून दोन खोल्या एक करता येतात, पण स्टडच्या घरात तोच उद्योग विचार न करता केला तर छप्पर खाली येऊ शकते.

आता उंचीकडे वळतो, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. वाड्याचा सुतार उंची टप्प्याटप्प्याने गाठतो. खालच्या मजल्याचा खांब तुळईखाली संपतो, वरच्या मजल्याचा खांब त्याच रेषेत तुळईवर उभा राहतो, आणि हे बिनधोक असते, कारण जोडाच्या पातळीवर कडीपाटाचा जड मजला असतो. तो मजला दोन्ही खांबांच्या टोकांना आडवा आधार देतो. स्टडच्या घरातही मजला असेल तेव्हा हीच रीत चालते: खालच्या भिंती, त्यावर मजल्याचा मंच, मंचावर वरच्या भिंती. मात्र दोन मजले उंच दिवाणखान्यात मधे मजलाच नसतो. तिथे दहा फुटांच्या भिंतीवर आठ फुटांची भिंत ठेवली, तर मधल्या आडव्या पट्ट्यांच्या ठिकाणी चक्क बिजागरी तयार होते. वरून येणारे ओझे ती सहज पेलते. त्यामुळे बांधताना शंका येत नाही आणि ओळंबाही बरोबर लागतो. पण पश्चिमेचा वारा भिंतीला आडवा ढकलू लागला की ती बिजागरी आत-बाहेर हलते.

पन्हाळ्याजवळच्या त्या घरात हेच झाले होते. बांधणाऱ्यांनी अठरा फुटांची भिंत दोन तुकड्यांत उभी केली होती. पहिल्याच पावसाळ्यात जोडाच्या रेषेवर आतल्या जिप्समच्या तक्त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ तडा गेला. वाऱ्याचा झोत आला की त्या रेषेवर तळहात ठेवल्यावर भिंतीचा श्वास कळत असे. सुताराचे म्हणणे होते, 'साहेब, वाड्यात आम्ही खांबावर खांब ठेवतोच की.' त्यांचे म्हणणे वाड्यापुरते अगदी खरे होते.

अशा भिंतीतला प्रत्येक स्टड जमिनीपासून छपरापर्यंत अखंड असला पाहिजे. त्रिकोणी माथ्याची भिंत असेल तर स्टड थेट छपराच्या उतारापर्यंत गेले पाहिजेत. आडव्या पट्टीवर वेगळा त्रिकोण बसवणे म्हणजे तीच बिजागरी वरच्या बाजूला नेणे. ही अखंड पट्टीची पद्धत नवी नाही. शिकागोच्या परिसरात १८३० च्या दशकात जी हलकी लाकडी बांधणी रूढ झाली, तिच्यात स्टड दोन्ही मजले ओलांडून छपरापर्यंत जात असत. पुढे लांब लाकूड दुर्मिळ झाले आणि मजल्यागणिक बांधणे सोयीचे ठरले म्हणून ती मागे पडली, तरी उंच दिवाणखान्यासाठी तिच्याकडेच परत यावे लागते.

नुसते अखंड असूनही भागत नाही. वाऱ्याच्या सारख्या दाबाखाली स्टडची लांबी दुप्पट झाली की त्याला वाकवणारा जोर चौपट होतो आणि त्याला येणारा बाक सोळापट होतो. साडेतीन इंचांऐवजी साडेपाच इंच खोलीचा स्टड घेतला तर ताठपणा जवळजवळ चौपट होतो, म्हणजे सोळापट बाकाला तेवढे पुरेसे नाही. म्हणून स्टड एकमेकांच्या जास्त जवळ घ्यावे लागतात, जोडस्टड करावे लागतात किंवा पातळ थर चिकटवून केलेले, न पिळणारे लाकूड वापरावे लागते. खिडकीसाठी जितके स्टड मधेच कापले जातात, त्यांच्या वाट्याचा वारा खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या स्टडवर येतो, आणि तिथे अखंड पट्ट्यांची जुडीच लागते. आकडेमोड अर्थातच अभियंत्याने करायची असते, आणि लाकडासाठी भारतीय मानक ८८३ उपलब्ध आहे.

लाकूड निवडतानाही दोन्ही घरांचे निकष वेगळे पडतात. टिंबर मार्केटमधल्या वखारीत वाड्याच्या तुळईसाठी सागवान बघताना आपण गाठी, चिरा आणि जून गाभा बघतो. आठ इंचांच्या खांबाला जरासा पीळ पडला तरी घराला त्याचे काही वाटत नाही. सोळा फुटांच्या स्टडला ओलावा राहिला आणि तो भिंतीत वाळताना पिळला, तर आतला तक्ता लाटेसारखा दिसतो आणि खिळे बाहेर येतात. अमेरिकेत वाळलेले म्हणून विकल्या जाणाऱ्या बांधकामाच्या लाकडात ओलावा १९ टक्क्यांच्या आत असावा लागतो. आपल्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या लाकडाकडून ती अपेक्षा धरता येत नाही, म्हणून मी हे काम दिवाळीनंतरच सुरू करायला सांगतो. प्रत्येक पट्टीचे एक टोक डोळ्याशी धरून, दुसरा डोळा मिटून, तिचा बाक कोणत्या अंगाला आहे ते पाहावे, त्या अंगाला पेन्सिलीने खूण करावी आणि सगळ्या पट्ट्यांचे बाक एकाच बाजूला ठेवावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण उंच भिंतीत त्याला पर्याय नाही.

उभारणीत तर दोन्ही रीतींचे काहीच जुळत नाही. वाडा सुटा सुटा उभा राहतो: आधी खांब, मग कप्पी आणि दोरांनी वर घेतलेली तुळई, मग कड्या. कोणत्याही क्षणी माणसांच्या हातात एकच लाकूड असते. स्टडची भिंत मात्र जमिनीवर आडवी जोडतात, दोन्ही कर्ण मोजून ते सारखे भरले म्हणजे ती काटकोनात आहे याची खात्री करतात, प्लायवूड ठोकतात आणि मग पूर्ण भिंत एकदम उचलतात. वीस फूट लांब, सोळा फूट उंच आणि साडेपाच इंची स्टडची भिंत घ्या. सोळा इंचांवर सोळा स्टड, तीन आडव्या पट्ट्या आणि वर बारा मिलिमीटरचे प्लायवूड धरले तर तिचे वजन साधारण साडेचारशे किलो भरते. खिडक्यांवरची जाड लाकडे वेगळीच.

आठ फुटी भिंत उचलताना सर्वांत जास्त जोर सुरुवातीला लागतो आणि भिंत जशी उभी होत जाते तसे ओझे हलके होत जाते. कामगारांच्या अंगात हाच अनुभव मुरलेला असतो. सोळा फुटी भिंतीचा स्वभाव वेगळा आहे. सुरुवातीला माणसे वरच्या कडेला धरून उचलतात, तेव्हा निम्मे वजन, म्हणजे सव्वादोनशे किलो हातांवर येते. कडा हाताच्या पलीकडे गेली की माणसांना भिंतीखाली शिरून पुढे पुढे चालत तिला ढकलावे लागते. हाताची उंची सहा फुटांच्या आसपासच राहते, म्हणून पकड भिंतीच्या बुंध्याकडे सरकत जाते आणि तरफेचा फायदा कमी होतो. भिंत पंचेचाळीस अंशांवर येते तेव्हा लागणारा जोर सुमारे तीनशे किलोवर गेलेला असतो. म्हणजे 'उचलली, आता झालंच' असे वाटण्याच्या क्षणी ओझे वाढते, आणि तेव्हा सगळी माणसे भिंतीच्या खाली असतात.

म्हणून अशी भिंत माणसांच्या बळावर उचलू नये, हे माझे ठाम मत आहे. भिंतीसाठीचे खास जॅक मिळाले तर उत्तम. नाही तर आपल्याकडे गल्लीबोळांतसुद्धा हायड्रा क्रेन भाड्याने मिळते. क्रेन रस्त्यावरून पोहोचत नसेल, तर भिंतीचे तुकडे लांबीत करावेत, उंचीत कधीही नाही: वीस फुटांचे दहा-दहा फूट, प्रत्येक तुकडा पूर्ण सोळा फूट उंच. उभ्या जोडावर दोन्ही तुकड्यांचे शेवटचे स्टड एकमेकांना घट्ट जोडता येतात आणि तिथे बिजागरी होत नाही. उचलण्याआधी बुंध्याची पट्टी धातूच्या पट्ट्यांनी जमिनीला बांधावी, म्हणजे पाय घसरत नाही. वरच्या कडेला मागून दोर बांधावेत, म्हणजे उभी झालेली भिंत पलीकडे कोसळत नाही. दोन्ही टोकांचे तिरके धिरे, म्हणजे टेकू, भिंत आडवी असतानाच एका खिळ्यावर लटकवून ठेवावेत. दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून हे काम सकाळी उरकावे, आणि धिरे पूर्ण लागल्याशिवाय कोणी जेवायला बसू नये.

पाणी आणि आग यांबद्दल थोडक्यात. वाड्याचा खांब तळखड्यावर, ओलीच्या वर आणि डोळ्यांसमोर उभा असतो, त्यामुळे वाळवी लागली तर दिसते. स्टड दोन तक्त्यांच्या आत झाकलेला असतो, म्हणून त्याला बाहेरून पाणी अडवणारे आवरण, रासायनिक प्रक्रिया केलेली बुंध्याची पट्टी आणि भिंतीबाहेर आलेला छपराचा रुंद पाखा लागतोच. आगीच्या बाबतीत, जाड लाकूड बाहेरून कोळसा होत मिनिटाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने आत जळते, त्यामुळे खांब काही वेळ तग धरतो. मात्र जाड लाकूड जळतच नाही असे कोणी समजू नये. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना ते वेगळे सांगायला नको. स्टडच्या उंच भिंतीतली पोकळी मात्र चिमणीसारखी ज्वाळा वर ओढते, म्हणून तिच्यात जास्तीत जास्त दर दहा फुटांवर आडवे लाकडी ठोकळे बसवून ती बंद करावीच लागते.

पन्हाळ्याच्या घराची भिंत उतरवण्याइतके पैसे मालकांकडे उरले नव्हते. आम्ही आतला तक्ता काढला, खिडक्यांच्या दोन्ही अंगांना जमिनीपासून छपरापर्यंत अखंड लाकडांच्या जुड्या उभ्या केल्या, आणि दहा फुटांवरच्या त्या जोडाच्या रेषेत एक जाड सागवानी तुळई आतून आडवी टाकून तिची टोके दोन्ही बाजूंच्या आडव्या भिंतींत बांधून घेतली. ही तुळई छपराचे काही पेलत नाही. तिचे काम फक्त वारा अडवायचे आहे, म्हणून तिची रुंद बाजू आडवी ठेवली. त्याच सुतारांनी ती हातरंध्याने साफ केली आणि टोकांना वाड्यासारखी केळफुले कोरली. त्यानंतर दोन पावसाळे झाले आहेत, आणि जिप्समच्या नव्या तक्त्यावर त्या रेषेत अजून केसाएवढीही चीर आलेली नाही.