शस्त्रविक्रेते : परवाना व तपासणी (नागपूर)

बंदुका, रिव्हॉल्व्हर, पिस्तुले आणि काडतुसे विकणे, त्यांची दुरुस्ती करणे किंवा दुसऱ्याचे शस्त्र सांभाळून ठेवणे हा धंदा ज्या परवान्यावर चालतो, त्या परवान्याची आणि त्यामागून येणाऱ्या सरकारी तपासणीची ही नोंद. कायदा केंद्राचा आहे आणि देशभर एकच आहे. नागपुरात तो कुणाच्या सहीने चालतो आणि दुकानात प्रत्यक्ष काय पाहिले जाते, यावर येथे भर दिला आहे.

लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ चा कायदा हिंदी माणसाच्या हाती शस्त्र पडू नये याच हेतूने केलेला होता. तो जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे १९६२ चे नियम अर्धशतकाहून अधिक काळ चालले. २०१६ मध्ये नवे नियम आले. दुकानदाराच्या दृष्टीने कलम ५ महत्त्वाचे. बनवणे, विकणे, विक्रीसाठी ठेवणे, दुरुस्त करणे, चाचणी घेणे यांतले काहीही परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याच्या उल्लंघनाला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मात्र स्वतःच्या वापरातले परवान्यावरचे शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायला दुकान लागत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे आणि ४५ दिवस थांबायचे, एवढे पुरते.

सही कुणाची, हा प्रश्न नागपूर जिल्ह्यात गावागणिक बदलतो. पोलीस आयुक्त नेमलेला असेल त्या भागात ‘जिल्हा दंडाधिकारी’ म्हणजे पोलीस आयुक्तच, असे कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. नागपूरला १९६५ पासून आयुक्तालय आहे. त्यामुळे सीताबर्डी, सदर, इतवारी आणि जुनी छावणी असलेले कामठीसुद्धा आयुक्तांकडे. काटोल, रामटेक, उमरेड जिल्हाधिकाऱ्यांकडे. काटोलचा शेतकरी बारा बोअरची (छऱ्यांच्या बंदुकीची) काडतुसे घ्यायला शहरात आला, तर त्याच्या परवान्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का आणि दुकानाच्या परवान्यावर आयुक्तांचा, असे दोन कार्यालयांचे कागद एकाच काउंटरवर समोरासमोर येतात. सिव्हिल लाइन्समध्ये ही दोन्ही कार्यालये फार दूर नाहीत, पण फायली स्वतंत्र आहेत.

विक्रीची पद्धत बाहेरून साधी वाटते. गिऱ्हाईक परवाना दाखवते. त्यावर कुठल्या प्रकारचे शस्त्र घेता येईल, किती मुदतीत घ्यायचे, परवाना जिल्ह्यापुरता आहे की राज्यभर की देशभर, आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील, हे सगळे लिहिलेले असते. शिवाय परवान्याचा राष्ट्रीय संगणकीय नोंदणीतला स्वतंत्र क्रमांक लागतो. तो नसेल तर कागद कितीही जुना आणि खानदानी असो, दुकानदाराच्या लेखी तो निकामी. विक्री झाली की तिची नोंद दुकानाच्या वहीत होते आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाच्या परवान्यावरही होते : काय दिले, किती दिले, तारीख, दुकानदाराची सही. विक्रीची खबर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे जाते आणि शस्त्राचा क्रमांक तिथल्या नोंदीत चढतो. म्हणजे एका व्यवहाराचे तीन लेख तयार होतात, तीन वेगवेगळ्या हातांत. पुढची सारी तपासणी हे तीन लेख जुळतात की नाही यावर उभी आहे.

२१ वर्षांखालील व्यक्तीला विक्री बंद आहे. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. ज्याला शस्त्र बाळगण्याची मनाई आहे किंवा ज्याची मनःस्थिती ठीक नाही असे दुकानदाराला माहीत आहे, त्याला विकायचे नाही आणि त्याचे शस्त्र दुरुस्तही करून द्यायचे नाही. हा दुरुस्तीचा भाग लोकांच्या लक्षात नसतो. नळी कापून आखूड करून द्या म्हणणारे गिऱ्हाईकही येते. त्या कामाला वेगळा परवाना लागतो आणि दुकानदार ते सरळ नाकारतो.

दुकानात आणि गोदामात शिरून साठा, आवक-जावक आणि वह्या पाहण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आणि आपापल्या हद्दीत पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला १९६२ च्या नियमांनीच दिला होता. तपासणी कशी चालते हे पाहायचे तर दुनळी बंदूक हातात घ्यावी. नळ्या बिजागरीवरून वाकवून उघडायच्या, त्यांच्या खालचा लाकडी भाग काढायचा. क्रमांक नळ्यांच्या पोटाला असतो, दस्त्याकडच्या लोखंडी भागावर असतो आणि बहुधा त्या लाकडी भागाच्या लोखंडावरही असतो. तिन्ही आकडे एकच हवेत. एक वेगळा निघाला तर दोन बंदुकांची मिळून एक केलेली आहे असा संशय येतो. आकडा घासलेला असेल तर प्रश्नच मिटला, कारण निर्मात्याचे नाव व क्रमांक नसलेले अग्निशस्त्र विकायला कायद्यानेच बंदी आहे. जुन्या विलायती बंदुकांवर या खुणा इतक्या बारीक असतात की भिंग आणि टॉर्च लागते. असल्या बंदुकांना मागणी टिकून आहे, कारण १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करणे जवळपास बंद झाले. नव्या मालात कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर, ईशापूरची .३१५ रायफल आणि मुंगेर किंवा जम्मूच्या खासगी कारखान्यांच्या बारा बोअर बंदुका असतात.

बंदूक मोजणे सोपे; खरी मेहनत काडतुसांची. बंदुकीला क्रमांक असतो, पण सुट्या काडतुसाला स्वतःचा क्रमांक नसतो. हिशेब फक्त संख्येचा : मागची शिल्लक अधिक आवक, वजा विक्री, बरोबर आजची शिल्लक. विक्रीच्या प्रत्येक ओळीला कुणाच्या तरी परवान्यावरची नोंद जुळली पाहिजे. या नोंदलेखकाच्या मते तपासणीचा खरा उपयोग इथे आहे. नागपुरात गुन्ह्यांत सापडणारे देशी कट्टे दुकानाच्या वाटेने येतच नाहीत; त्यांचा बाजार वेगळा, मार्ग वेगळा. पण कट्ट्यात घालायचे काडतूस पुष्कळदा कारखान्यात बनलेले असते, आणि ते कुठल्या तरी परवान्यावरूनच बाहेर पडलेले असते. एखाद्या परवान्यावर वर्षभराची काडतुसे न चुकता उचलली जातात आणि मालक नेमबाज नाही, तर त्या ओळीवर बोट ठेवायला हवे. वही काळजीपूर्वक वाचणारा अधिकारी भेटला तरच हे दिसते. बेरीज बरोबर आहे म्हणून सही करून निघून जाणाऱ्याला दिसत नाही.

गोंधळाचे आणखी एक कारण अस्सल नागपुरी आहे. पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय याच शहरात आहे. त्यामुळे बंदुकीच्या दुकानाचा परवाना तिथून मिळतो असा समज ऐकू येतो. तसे नाही. पेसो १८८४ च्या विस्फोटक कायद्याखाली काम करते. स्फोटके आणि बंदुकीची दारू हा तिचा विषय. ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुकीची दारू ठेवणाऱ्याला दोन्ही कायदे सांभाळावे लागतात, इतकाच संबंध.

ठासणीची बंदूक विदर्भात अजून आहे ती पिकासाठी. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांपासून शेत राखायला शेतकरी ती मागतो आणि कायदाही पीकरक्षणासाठी तिला जागा देतो. मात्र अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला पाहता नागपूरच्या ग्रामीण भागात ही अट पुस्तकी राहत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली आणि मध्य प्रांताच्या काळापासून शिकाऱ्यांवर चालणारा या दुकानांचा मोठा गिऱ्हाईकवर्ग त्याबरोबर गेला.

त्यानंतर विक्रीपेक्षा सांभाळण्याचे काम वाढले. परवाना संपला, रद्द झाला किंवा मालक वारला, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते. २०१९ मध्ये एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा ३ वरून २ वर आली आणि तिसरे शस्त्र वर्षभरात जमा करण्याचा आदेश निघाला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आणखी शस्त्रे येतात, मग निकालानंतर परत जातात. दुकानदार पावती देतो, भाडे घेतो आणि जमा मालाची वही वेगळी ठेवतो. विक्रीचा साठा आणि ठेवीचा साठा एकत्र झाला तर तपासणीत पहिला शेरा त्यावरच पडतो. परवान्याच्या अटी मोडल्या तर निलंबन किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्यालाच आहे. आयुक्तांच्या आदेशावर अपील राज्य शासनाकडे जाते. मग त्या दुकानातल्या ठेवींचे काय, हा प्रश्न उरतो, आणि त्या दुसऱ्या दुकानात किंवा ठाण्यात हलवाव्या लागतात.

सर्वांत जुन्या ठेवी असतात वारसांच्या. आजोबांची बंदूक, नातवाच्या नावावर परवाना व्हायचा आहे, अर्ज कुठल्या तरी टेबलावर आहे. दस्त्याला सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवरची शाई पुसट होते, ती दरवर्षी तेल लावताना पुन्हा लिहिली जाते. ठरलेल्या मुदतीत कुणी परवाना घेऊन आले नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती सरकारजमा होते.