कोपऱ्यावर सोसाटा, कॉमन प्लॉटवर शुकशुकाट: इमारती वाऱ्याचे काय करतात

उत्तरायणाच्या दिवशी बडोद्यात गच्चीवर चढणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. कठड्याजवळून सोडलेला पतंग आधी गोते खातो, उलटा फिरून गच्चीकडेच येतो, आणि बरीच ओढाताण करून एका उंचीपलीकडे नेला की एकाएकी स्थिर होऊन मांजा ताणून धरतो. म्हणूनच छूट देणारा, म्हणजे पतंग हातात धरून हवेत सोडणारा साथीदार, शक्यतो रस्त्यापलीकडच्या गच्चीवर किंवा मोकळ्या पटांगणात दूर उभा राहतो. त्या उंचीच्या खाली जी हवा असते, ती वाऱ्यापेक्षा इमारतींच्या ताब्यात अधिक असते. आपण चालतो, भाजी घेतो, संध्याकाळी बाकावर बसतो, ते सगळे याच खालच्या हवेत. तिच्यात कुठे सोसाटा असेल आणि कुठे पान हलणार नाही, हे मुख्यतः आजूबाजूच्या भिंतींची उंची, रुंदी आणि दिशा ठरवतात.

जमिनीला घासून जाणारा वारा मंदावतो आणि उंचीबरोबर त्याचा वेग वाढत जातो. उघड्या शेतावर 10 मीटर उंचीवरच्या वेगापेक्षा 40 मीटरवरचा वेग साधारण पाव पटीने जास्त भरतो; दाट वस्तीच्या शहरात घरांचा अडथळा मोठा असल्यामुळे वरचा वेग दीडपटीच्या आसपास जातो. याचा अर्थ असा की अलकापुरीसारख्या, एके काळी बंगल्यांच्या असलेल्या भागात बारा-पंधरा मजल्यांची इमारत उभी राहते, तेव्हा तिचे वरचे मजले अशा वेगवान हवेत शिरलेले असतात जिचा शेजारच्या दुमजली घरांशी तोपर्यंत काही संबंध नव्हता.

वाऱ्याने भिंतीवर दिलेला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्यामुळे वाऱ्याकडे तोंड केलेल्या उंच भिंतीवर वरच्या भागात दाब अधिक आणि पायथ्याशी कमी, अशी उतरंड तयार होते. इमारतीच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर वारा जवळजवळ थांबतो. त्याच्या वरची हवा माथ्यावरून निघून जाते, बाजूंची हवा कडांना वळसा घालते, आणि खालची हवा, वरचा दाब मागे असल्यामुळे, भिंतीवरून सरळ खाली उतरते. जमिनीपाशी ती उलट फिरून एक आडवा भोवरा तयार करते आणि मग दोन्ही कोपऱ्यांना वेढून निघते. पुलाच्या खांबापाशी पुराचे पाणी तळाची माती उकरत दोन्ही बाजूंनी जाते, तसाच हा प्रकार आहे. टॉवरच्या कोपऱ्यावर धूळ, पाने आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गरगरताना दिसतात, कारण वरच्या मजल्यांवरचा वेग तिथे जमिनीवर उतरलेला असतो. बुटक्या इमारतींच्या वस्तीत एकटीच उंच इमारत असेल, तर हा परिणाम सर्वांत तीव्र असतो. सगळ्याच इमारती सारख्या उंच असल्या, तर पुढची मागचीला झाकते.

माणसाला हे कितपत सोसते, याचा अभ्यास ब्रिटनमध्ये विशेषतः 1960 आणि 1970 च्या दशकांत झाला. तेव्हा रूढ झालेल्या ढोबळ मर्यादा आजही वापरल्या जातात: सेकंदाला 5 मीटरपासून वारा जाणवू लागतो, केस आणि कपडे विस्कटतात, 10 मीटरला छत्री सांभाळणे अवघड होते, आणि 20 मीटरला माणूस कोलमडू शकतो. मात्र सरासरी वेग हा अर्धाच हिशेब आहे. वाहत्या हवेत सतत चढउतार होत असतात आणि मोठे भोवरे फुटून लहान भोवरे होत जातात. याला संक्षोभ म्हणतात. उघड्या माळावर हे चढउतार सरासरी वेगाच्या 15 ते 20 टक्के असतात, शहरात जमिनीलगत ते 30 टक्क्यांच्या वर सहज जातात. एकसारख्या वाऱ्यात माणूस अंग कलते करून तोल सांभाळतो, पण वारा क्षणात वाढून क्षणात पडला तर ते जमत नाही. इमारतीच्या आडोशातून स्कूटर बाहेर काढणाऱ्याला कोपऱ्यावर बाजूने जो धक्का बसतो, तो वाऱ्याच्या ताकदीइतकाच त्याच्या आकस्मिकपणाचा असतो.

इंग्लंडमधील लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस नावाची 32 मजल्यांची, 112 मीटर उंच इमारत 2007 मध्ये पूर्ण झाली. तिच्या पायथ्याशी येणाऱ्या झोतांनी लोक पडू लागले, आणि मार्च 2011 मध्ये एक मालवाहू ट्रक उलटून त्याखाली एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर जोरदार वाऱ्याच्या दिवशी शेजारचा रस्ता बंद ठेवण्याची वेळ आली आणि शेवटी वारा अडवणाऱ्या मोठ्या रचना बाहेर उभाराव्या लागल्या. इमारत स्वतः पूर्ण मजबूत होती. भारतीय मानक आयएस 875 च्या तिसऱ्या भागात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्याच मानकातील साध्या सूत्राने या वेगाला दर चौरस मीटरला जवळजवळ 118 किलो वजनाइतका दाब येतो, आणि बांधकाम, होर्डिंग, पत्रे यांनी तो सोसावा अशी अपेक्षा असते. परंतु हे गणित मुख्यतः इमारत उभी राहावी यासाठी आहे. तिच्या पायथ्याशी माणसाला सुखाने उभे राहता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आपल्याकडे तो फारसा विचारला जात नाही.

गुजरातमधील फ्लॅटसंस्कृतीत या प्रश्नाचे एक खास रूप आहे, ते म्हणजे हॉलो प्लिंथ. तळमजला खांबांवर मोकळा सोडून तिथे वाहने लावायची, ही व्यवस्था सोयीची आहे खरी. पण वाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर इमारतीच्या पुढे वाढलेला दाब आणि मागे घटलेला दाब यांना जोडणारी ती एक उघडी वाट ठरते. समोरच्या भिंतीवर जमलेली हवा सगळा वळसा टाळून खालूनच पलीकडे धावते, आणि तिचा वेग बऱ्याच वरच्या मजल्यांवरील वाऱ्याच्या जवळपास पोहोचू शकतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1964 मध्ये पुरी झालेली, 21 मजल्यांची ग्रीन बिल्डिंग अशीच खांबांवर उभी आहे, आणि वाऱ्याच्या दिवशी तिचे खालचे दरवाजे उघडेनासे होत. आय. एम. पेई यांच्यासारख्या वास्तुकाराने आखलेल्या या इमारतीत राहायला आलेला विभाग हवामानशास्त्राचा होता, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. आपल्या हॉलो प्लिंथमध्ये स्कूटर आणि गाड्या दाटीने उभ्या असतात आणि एखादी बाजू कुंपणाच्या भिंतीने किंवा खोल्यांनी बंद असते, म्हणून हा झोत बोथट होतो. उन्हाळ्यात तोच हवाहवासाही वाटतो. सोसायटीतील वयस्क मंडळी खुर्च्या नेमक्या तिथेच टाकतात, ते उगीच नव्हे.

दोन इमारतींमधील बोळात वारा का वाढतो, याचे स्पष्टीकरण बहुधा अरुंद नळीचे दिले जाते: जागा आकसली की हवा वेगाने जाणार. हे अपुरे आहे. नळीतील पाण्याला दुसरी वाट नसते, हवेला मात्र वर आभाळ मोकळे असते. बोळ फार अरुंद असेल तर ती त्यात शिरण्याऐवजी इमारतींच्या वरून आणि बाहेरच्या बाजूंनी निघून जाते. बोळात जाणवणारा वेग हा मुख्यतः दोन्ही कोपऱ्यांवरचे झोत एकत्र आल्याचा आणि पुढच्या-मागच्या दाबातील फरकाचा परिणाम असतो.

आता इमारतीच्या मागे वळू, कारण बडोद्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथे आहे. धारदार कोपऱ्यावर हवेला भिंतीला चिकटून वळता येत नाही; ती भिंतीपासून विलग होते आणि मागे एक पोकळी सोडते, जिच्यात हवा हळूहळू उलटी फिरत राहते. इमारत लांबट, भिंतीसारखी पसरट असेल, तर हा मंद पट्टा तिच्या उंचीच्या काही पट लांब जातो. सडपातळ असेल, तर तो रुंदीच्या मानाने आखूड राहतो. या पट्ट्याच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटत असतात. 20 मीटर रुंदीच्या चौकोनी टॉवरवर सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा आला, तर एका बाजूने भोवरा सुटून पुन्हा त्याच बाजूने सुटायला अंदाजे 17 सेकंद लागतात. मागच्या मैदानात बसलेल्या माणसाला वारा एकदा इकडून आणि थोड्या वेळाने तिकडून येतोसा भासतो, तो याच कारणाने. मांडवाच्या कनातीही अशा वेळी कधी आत ओढल्या जातात, तर कधी बाहेर फुगतात.

सोसायटीचा कॉमन प्लॉट, म्हणजे सगळ्यांच्या वापराची मोकळी जागा, नेमका याच पोकळीत सापडतो. नवरात्रीचा गरबा, लग्नाचा मांडव, मुलांचे क्रिकेट आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या गप्पा, हे सगळे त्या तुकड्यावर होते. पण आराखड्यात आधी टॉवर बसवले जातात, मग रस्ते आणि मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी पट्टी), आणि उरलेला कोपरा कॉमन प्लॉट म्हणून रंगवला जातो, असे चित्र पुष्कळदा दिसते. क्षेत्रफळ नियमाप्रमाणे भरते. त्या तुकड्यावर वारा पोहोचतो का, हे मात्र कोणत्याही रकान्यात लिहावे लागत नाही.

जुन्या शहरात परिस्थिती निराळी आहे. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून येणारे रस्ते मधोमध असलेल्या मांडवीला मिळतात, आणि दोन्ही बाजूंना सलग घरे असल्यामुळे त्यांच्या घळी झाल्या आहेत. घरांची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांशापेक्षा जास्त झाली की वारा छपरांवरून घसरत जातो आणि खाली फक्त एक भोवरा फिरत ठेवतो. वारा रस्त्याला आडवा असेल, तर हा भोवरा जमिनीलगत उलट्या दिशेने वाहतो, आणि वाहनांचा धूर ज्या बाजूकडून वारा येतो त्याच बाजूच्या घरांपाशी जास्त साठतो. त्या घरांना आपण वाऱ्याकडे पाठ करून आहोत, म्हणून धूर आपल्यापासून दूर जात असेल असे वाटते, आणि ते चूक असते. मांडवीचे रस्ते ढोबळमानाने मुख्य दिशांना धरून आहेत, त्यामुळे नैर्ऋत्येचा वारा त्यांच्यावर तिरका येतो; अशा वेळी भोवरा मळसूत्रासारखा रस्त्याच्या लांबीने पुढे सरकतो आणि थोडा तरी धूर आपल्याबरोबर नेतो. सूरसागरासारखा मोकळा जलाशय मध्ये आला की छपरांवरचा वारा खाली उतरायला जागा मिळते, आणि संध्याकाळी तिथल्या काठावर होणारी गर्दी समजण्यासारखी आहे.

नेदरलँड्सने 2006 मध्ये वाऱ्याच्या त्रासासंबंधीचे मानक काढले. माणसाच्या उंचीवर तासाभराचा सरासरी वेग सेकंदाला 5 मीटरच्या वर वर्षातले किती टक्के तास जातो, यावर तिथे जागेची प्रत ठरते. अडीच टक्क्यांहून कमी असेल तर ती सर्वोत्तम. त्याच 2006 सालात हाँगकाँगने नेमकी उलटी चौकशी सुरू केली. 2003 च्या सार्स साथीनंतर तिथे दाटीच्या वस्त्यांमधील कोंडलेल्या हवेची चिंता वाढली होती, म्हणून मोठ्या प्रकल्पाने खालच्या रस्त्यावरचा वारा किती अडतो, हे तपासण्याची पद्धत तिथे आली. बडोद्याने डच कोष्टक जसेच्या तसे उचलले, तर मे महिन्यात गुदमरवणारी जागा सर्वोत्तम ठरेल. आपल्याला हाँगकाँगचा प्रश्न आधी आणि डचांचा नंतर विचारावा लागेल, त्यातही एक पोटप्रश्न धरून: हवा 35 अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते, तेव्हा वारा घाम सुकवून थंडावा देतो खरा, पण त्याच वेळी अंगाला उष्णताही देतो. दुपारच्या झळा अडवाव्यात आणि सूर्यास्तानंतरचा वारा आत घ्यावा, अशी दुहेरी मागणी त्यातून निघते.

एक गोष्ट मात्र बडोद्याच्या बाजूची आहे. इथल्या वाऱ्याच्या दिशा ऋतूंना धरून असतात: उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळाभर प्रामुख्याने नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून, तर हिवाळ्यात उत्तर आणि ईशान्येकडून, तोही सौम्य. त्यामुळे टॉवर आणि मोकळी जागा यांची मांडणी आधी ठरवता येते. कॉमन प्लॉट टॉवरच्या ईशान्येला टाकला, तर उकाड्याच्या सगळ्या महिन्यांत तो पोकळीत राहील; नैर्ऋत्येला ठेवला, तर त्याला वाहता वारा मिळेल, मात्र भिंतीवरून उतरणाऱ्या झोताची काळजी घ्यावी लागेल. त्यासाठी टॉवरच्या पायथ्याशी एक-दोन मजल्यांचा रुंद चौथरा ठेवणे किंवा प्रवेशापाशी भक्कम छज्जा काढणे पुरते, कारण खाली उतरणारी हवा मग जमिनीऐवजी त्यावर आपटते. इमारती रांगेत एकामागे एक न लावता आळीपाळीने सरकवल्या, आणि त्यांची उंची थोडी कमी-जास्त ठेवली, तरी छपरांवरची हवा खाली मिसळायला मदत होते. मोठ्या प्रकल्पासाठी लहान प्रतिकृती करून वातविवरात (कृत्रिम वारा सोडणाऱ्या बोगद्यात) किंवा संगणकावर हे तपासता येते, आणि नकाशा मंजूर होण्यापूर्वी तपासले तर बदलाचा खर्च कागदापुरताच असतो.

झाडांच्या बाबतीत सरधोपट उत्साह टाळावा. भरीव भिंतीमागे संक्षोभ वाढतो, तर अर्धी उघडी असलेली जाळी किंवा झाडी वाऱ्याला गाळून मंद करते आणि तिचा आडोसा जास्त अंतरापर्यंत टिकतो. म्हणून जमिनीपासून दाट वाढणारी कुंपणझाडे टॉवरच्या झोताच्या कोपऱ्यावर लावावीत. कॉमन प्लॉटच्या नैर्ऋत्य कडेला मात्र कडुनिंबासारखे उंच बुंध्याचे झाड बरे: त्याची सावली वर राहते आणि माणसाच्या उंचीवरचा वारा बुंध्यांमधून आत येतो. ही कड सहा फुटी पक्क्या भिंतीने बंद केली, की वाऱ्याची वाट आपणच अडवतो आणि मग बाकांजवळ पंखे लावण्याची वेळ येते.