ट्रॅक सायकलीचे हँडल

वेलोड्रोमवरील (कलत्या वळणांच्या सायकल-धावपट्टीवरील) शर्यतीच्या, ब्रेक नसलेल्या एकगिअरी सायकलीचे वाकवलेले हँडल. ब्रेकचा लिव्हर बसवायचा नसल्याने त्याचे खांदे स्टेमपासूनच (हँडल धरून ठेवणाऱ्या भागापासूनच) गोल उतरते ठेवता येतात. उभे राहून जोर लावताना रोड हँडलच्या सपाट दांड्यावर हात आपटतो, येथे तो मोकळा राहतो.

या वाकाचा उगम वादग्रस्त आहे. त्याचे श्रेय कधीकधी 1899 चा जगज्जेता मेजर टेलर यास दिले जाते. तथापि खाली वाकवलेली हँडले शर्यतींत त्याआधीच रूढ होती. टेलरच्या नावाने ओळखले जाते ते स्टेम, ज्यात हँडल पुढे सरकविता येते. या दोहोंची गल्लत झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्प्रिंट (छोट्या अंतराची वेगाची शर्यत) व केरिनसाठी (मोटारसायकलीमागून वेग घेऊन शेवटी झेपावण्याची शर्यत) खोल वाकाचे, ताठ हँडल घ्यावे. एकदम वेग घेताना खेळाडू ते सर्व ताकदीने ओढतो, म्हणून पोलादी हँडलचे वजन येथे खपते. पॉइंट्स (गुणांची) व मॅडिसन (जोडीने आलटून पालटून धावण्याची) या लांब शर्यतींसाठी वाक उथळ हवा. परस्यूटला (पाठलागाच्या शर्यतीला) आडव्या बेस बारवर एक्स्टेन्शन, म्हणजे पुढे आलेल्या दांड्या, लागतात.

रुंदीत फसगत होते. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या 2023 पासूनच्या नियमानुसार किमान रुंदी 350 मिमी, तीही बाहेरच्या कडांमध्ये. विक्रेते बहुधा नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. 330 मिमीचे हँडल 24 मिमी नळीमुळे बाहेरून 354 मिमी भरते.

स्टेममधील व्यास 25.4, 26.0 किंवा 31.8 मिमी असतो. 26.0 च्या स्टेममध्ये 25.4 चे हँडल आवळले तरी जोराच्या ओढीला फिरते. उलट जोडीत स्टेमची पकड फाकून तडा जातो. 31.8 च्या स्टेममध्ये 25.4 चे हँडल बसवायचे तर 3.2 मिमी जाडीची, लांबीत एक चीर दिलेली अ‍ॅल्युमिनियम शिम (फट भरणारी नळी) लागते. कोल्हापुरात असे काम उद्यमनगरातील लेथवर करून घ्यावे. डब्याच्या पत्र्याची गुंडाळी भरू नये.

सरावासाठी पुण्यास, बालेवाडीच्या वेलोड्रोमवर जाण्यापूर्वी हँडल व स्टेमच्या सांध्यावर रंगाची बारीक रेघ ओढावी. पुढचे चाक गुडघ्यांत धरून दोन्ही टोकांवर अंगाचा भार द्यावा. रेघ तुटली तर बोल्ट काढून सांधा पुसावा, व्यास कॅलिपरने तपासावा आणि स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतकेच (आवळण्याच्या जोराइतकेच) आवळावे. कार्बन हँडलला ग्रीस लावू नये, कार्बन पेस्ट लावावी.